मलेच काहून वाचवलं?

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून थांबले. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, तेव्हा 'तू'च म्हणते.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तू चौतीस वर्षांची, माहेर नागपुरात प्रतापनगरला, सहा वर्षं जर्मनीत नोकरी. गेल्या नोव्हेंबरात ऑफिसच्या कामावरून परत येताना, संध्याकाळी सातच्या सुमारास, पावसात, समोरून येणारी व्हॅन घसरली आणि तुमच्या गाडीच्या डाव्या अंगावर आदळली. गाडी तुझी सहकारी चालवत होती. ती जागीच गेली. तुझं उजव्या मांडीचं आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. पाच महिने तिथल्या दवाखान्यात काढून तू एप्रिलमध्ये घरी आलीस. आईनं त्या रात्री टेकडीच्या गणपतीला नवस बोलला होता आणि आता ती रोज विचारते, कधी जायचं फेडायला? तुझे हात जोडले जात नाहीत. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'देव तारी त्याला कोण मारी'. तुझा प्रश्न आहे, 'मी कृतघ्न आहे का? आणि माझी श्रद्धा परत येईल का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. नाही. दुसऱ्याला वेळ लागेल.

मी सत्तावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. त्यातली पहिली अकरा वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात गेली. तिथला एक माणूस सांगते, ओळख पटणार नाही इतके बदल करून. लग्नाहून परतताना भंडारा रोडवर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. हा वाचला, मांडीत सळई पडली. शेजारी बसलेला मेव्हणा गेला. गावाकडून येणारे लोक नारळ, अंगारा घेऊन येत आणि म्हणत, मोठा नशीबवान आहेस. तो जेवत नव्हता. एके दुपारी मला म्हणाला, "म्याडम, साळा गेला अन् मी राह्यलो. देवानं मलेच काहून वाचवलं?"

मी तेव्हा नवीन होते. मी म्हटलं, "तुमच्या हातून काही कामं व्हायची बाकी असतील."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरकडून कळलं की मेव्हण्याचं लेकरू सहा महिन्यांचं होतं. म्हणजे याची कामं बाकी होती आणि त्या लेकराच्या बापाची संपली होती, असा माझ्या वाक्याचा अर्थ झाला होता. त्यानंतर मी हे वाक्य कोणाला म्हटलेलं नाही. तुझ्याकडे येणाऱ्यांना तुझं भलंच हवं आहे, यात शंका नको. पण 'देव तारी' हे वाक्य अर्धंच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग तुला रोज ऐकू येतो. त्यानं मला तारलं, तर तिला कोणी सोडलं?

या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, कारण आणि प्रयोजन. कारण सांगता येतं. जर्मनीत वाहनं उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे चालकाची जागा डावीकडे. समोरून येणारं वाहन डावीकडूनच येतं. व्हॅन डाव्या कोपऱ्यावर आदळली, तिथे तुझी मैत्रीण बसली होती आणि तू त्या कोपऱ्यापासून एका सीटच्या अंतरावर होतीस. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते आणि ती सगळ्यात आधी धडकेच्या जागी मोकळी होते. तू पट्टा बांधला होतास, तसा तिनंही बांधला होता. कारण एवढंच आहे. त्यात तुझं पुण्य नाही आणि तिचं पाप नाही. प्रयोजन, म्हणजे 'कशासाठी' याचं उत्तर, माझ्याकडे नाही, आणि सत्तावीस वर्षांत ते माहीत असलेला माणूस मला भेटलेला नाही. आयुष्य जगता जगता कोणाला ते पुढे कधी सापडलं तर सापडो. पण ते बाहेरून कोणी सांगायचं नसतं, आणि सापडेपर्यंत श्रद्धा थांबवून ठेवायचीही गरज नसते.

आता पत्रातल्या एका ओळीकडे येते. तू ती जाता जाता लिहिलीस, मी मात्र तिच्यापाशी बराच वेळ थांबले. 'बाबांच्या गाडीत पुढे बसलं की घाम फुटतो, श्वास अडकतो. मागे बसले तर इतकं होत नाही. बाबांवर माझा विश्वास उरला नाही का?'

अगं, आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. बाबांच्या शेजारची सीट डावीकडची. तू पुढे बसतेस तेव्हा तू तुझ्या मैत्रिणीच्या जागेवर बसलेली असतेस.

तुझ्या मनाला हे उमगलं नव्हतं, शरीराला उमगलं. डावीकडची काच, डावीकडचं दार, समोरून येणारे दिवे. शरीर अशा खुणा साठवून ठेवतं आणि पुढे तारीख, देश, शहर काहीही न विचारता धोक्याची घंटा वाजवतं. बाबांवरच्या विश्वासाचा इथे संबंध नाही, आणि देवावरच्याही नाही. हे आघातानंतरचं लक्षण आहे, त्याला उपचार आहे. अपघातानंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तोच क्षण डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. एक महिन्यानंतरही ते टिकलं, कामाच्या आणि माणसांच्या आड येऊ लागलं, तर आघातोत्तर तणाव विकार आहे का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं. तुला नऊ महिने होत आले. आघातावर बेतलेली वर्तन-विचार चिकित्सा आणि ईएमडीआर, या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी सुचवल्या आहेत. ईएमडीआरमध्ये ती आठवण मनात धरून नजर ठरावीक तालात डावी-उजवीकडे हलवायची असते. नागपुरात हे करणारे लोक आहेत. पण पहिल्याच भेटीत विचार, 'तुम्ही आघाताच्या रुग्णांबरोबर कोणती पद्धत वापरता?' सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

घरी येणाऱ्यांचं 'कसं झालं गं?' मात्र थांबव. एकदाच बसवून सगळं साद्यंत वदवून घेतलं की मन मोकळं होतं, ही समजूत खरी ठरलेली नाही. काहींना त्यानं उलट त्रास होतो. बाबांना दोन वाक्यं ठरवून दे, तीच त्यांनी प्रत्येकाला सांगावीत आणि चहा ठेवावा. सविस्तर सांगणं उपचाराच्या खोलीत, तुझ्या चालीनं.

आता श्रद्धेबद्दल. हात जोडले जात नाहीत, म्हणतेस. मला एक विचारायचं आहे. फक्त देवापुढेच काही वाटत नाही, की सगळीकडेच? तर्री पोहे खाताना जीभ पूर्वीसारखी खूश होते का? पत्रात भाचीचा उल्लेख आहे, ती अंगावर उडी मारते तेव्हा आतून काही हलतं का? जर तिथेही कोरडंच वाटत असेल, तर देवाशी तुझं काही बिनसलेलं नाही. भावना बधिर होणं हाही त्याच आघाताचा भाग आहे. जे प्रेमाचं होतं तिथेच ते सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणून देवघरात आधी लक्षात येतं. मी कितीतरी भाविक माणसं पाहिली आहेत, ज्यांनी या बधिरपणाला नास्तिकपणा समजून स्वतःला वर्षभर दोष दिला. उपचार सुरू झाले, झोप सुधारली, आणि एक दिवस आरतीच्या वेळी डोळे भरून आले.

आणि उत्तर 'फक्त देवापुढेच' असं असेल, तर ते भांडण आहे. भांडणाला मी कधी घाबरत नाही. आपले संत विठोबाला तोंडावर बोल लावत आले आहेत. ज्याच्याशी नातंच नाही त्याच्याशी कोण भांडतं? काळजी करते मी ती वेगळ्या गोष्टीची. 'देवानं मला टाकलं', 'ही मला शिक्षा आहे' ही भावना मुकाट्यानं आत धरून वर्षानुवर्षे बसणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं आहे. २००१मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्क रुग्णांपैकी ज्यांच्या मनात अशी भावना होती त्यांची पुढच्या दोन वर्षांतली स्थिती अधिक वाईट निघाली. म्हणून भांडायचं असेल तर मोठ्यानं भांड. देवघराचं दार लावून, मराठीत.

मराठीत असं मुद्दाम म्हणते आहे. तिथल्या वॉर्डात तुला रोज विचारायचे, वेदना एक ते दहापैकी किती? तू आकडा सांगायचीस. पाच महिने तू आकडाच सांगत होतीस. आपल्याकडे हाडाचा ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी, जखमेची आग वेगळी, आणि बरं झाल्यावरही उरतो तो सल. हे सगळं तुझ्याकडे होतं आणि ऐकणारं कोणी नव्हतं. परदेशातल्या अपघाताचं हे दुःख हाडांच्या फोटोत दिसत नाही, आणि इथल्या नातेवाइकांनाही कळत नाही, कारण त्यांना वाटतं की तिकडे तर उत्तम दवाखाने असतात. उत्तमच होते, तूही तसंच लिहिलंस. तरी रात्री कण्हताना तोंडातून जो शब्द निघतो तो समजणारं माणूस शेजारी नसणं, ही वेगळी जखम आहे. फिजिओथेरपिस्टला, बाबांना, वहीला, ज्याला जमेल त्याला ते शब्द आता सांग. प्रार्थनाही त्याच शब्दांच्या घरातली आहे. ते घर उघडलं तर ती कदाचित तिथेच बसलेली सापडेल.

आता त्या बाईंबद्दल. अग्निशमन दलाचे लोक पत्रा कापून तुला बाहेर काढेपर्यंत जी अनोळखी बाई पावसात, फुटलेल्या खिडकीतून हात घालून तुझा हात धरून उभी राहिली. तिचं नाव तुला माहीत नाही. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'इश बिन दा'. मी आहे इथे. तू लिहिलंस, 'तिची आठवण आली की मात्र रडू येतं.'

पूर्ण पत्रात रडू येण्याचा उल्लेख तेवढाच आहे.

तू ज्याला कृपा म्हणून टेकडीवर शोधते आहेस, ती मला तुझ्या पत्रात इथे दिसली. 'इश बिन दा' आपल्या घरातलंच वाक्य आहे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून आई म्हणते ना, 'मी आहे ना'. त्यात कशाचं स्पष्टीकरण नसतं आणि सगळं नीट होईल असं वचनही नसतं. त्या बाईनं तुला 'का' सांगितलं नाही. ती थांबली.

यावर तू म्हणशील, तिकडे कायदाच तसा आहे. खरं आहे. जर्मनीत अपघातग्रस्ताला शक्य असून मदत न करणं हा दंडसंहितेतला गुन्हा आहे, आणि गाडीचा परवाना हवा असेल तर प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा वर्ग करावाच लागतो. त्या वर्गात जखमी माणसाशी बोलत राहायला, त्याला एकटं न सोडायला शिकवतात. म्हणजे तुझा हात धरणारा तो हात कदाचित कुठल्यातरी शनिवारी एका वर्गात तयार झाला होता. मला यानं कृपा कमी झाल्यासारखी वाटत नाही. उलट मला हे फार मोठं वाटतं की एखादा समाज अनोळखी माणसाचा हात धरायला आपल्या लोकांना ठरवून शिकवतो. कायद्यानं तिला मदतीला यावं लागलं असेल. पण सायरन वाजला, सुटका पथक आलं, तरी ती भिजत उभी राहिली, तेवढं कायद्यात लिहिलेलं नसतं.

आपल्याकडेही चित्र हललं आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस आणि रुग्णालयांनी त्रास देऊ नये यासाठीच्या सूचनांना सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६मध्ये बंधनकारक केलं, आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. तरी वर्धा रोडवर अपघात झाला की लोक अजून मोबाइल काढून उभे राहतात. तुला पुढे कधी प्रथमोपचार शिकावासा वाटला तर जरूर शिक. पण आत्ता नको, आणि फेड म्हणून तर मुळीच नको. वाचलेली माणसं स्वतःला कर्जदार समजून इतरांसाठी झिजायला लागतात आणि वर्षभरात कोसळतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तसाच नवसाचा प्रश्न. नवस आईचा आहे. त्या रात्री तुझ्यापासून हजारो किलोमीटरवर, विमानाचं तिकीट नाही, व्हिसा नाही, भाषा नाही, अशा वेळी तिच्या हाताशी जे होतं ते तिनं धरलं. तुझ्यासाठी ती बाई खिडकीत उभी होती, आईसाठी टेकडीचा गणपती. तेव्हा तिचा नवस तिला फेडू दे. तिला स्वच्छ सांग, 'आई, तू फेड. मी सोबत येईन, पण मला हात जोडायला सांगू नकोस.' जाताना मंगळवार आणि चतुर्थी टाळा. गर्दीत तुझ्या पायाला धक्का लागेल, आणि स्टेशनजवळचे हॉर्न तुला आत्ता सोसणार नाहीत. सकाळी लवकर जा. नाहीच जमलं तर गाडीत बसून राहा, मागच्या सीटवर. आई प्रसाद आणून देईल तो खा. प्रसाद घ्यायला कसली पात्रता लागत नाही.

तुझ्या मैत्रिणीसाठी काय करू, असंही तू शेवटी विचारलंस. ती ख्रिस्ती घरातली होती. कॅथलिक परंपरेत २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो, लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये शांतपणे बसून येता येईल. आपल्याकडे सर्वपित्रीला आप्तांबरोबर मित्रांच्या नावानंही पाणी सोडायची रीत आहे, घरी चालत असेल तर तेही कर. तिच्या आईवडिलांना पत्र लिहायचंय आणि भीती वाटते, हे समजू शकते. लिही, पण महिनाभर पाठवू नकोस. महिन्यानं परत वाच. त्यात 'मला माफ करा' जितक्या वेळा आलं असेल तितक्या वेळा खोडून पाहा, आणि मग काय उरतं ते बघ. तिच्याबद्दलच्या, फक्त तुला माहीत असलेल्या चार गोष्टी उरल्या, तर पाठव. मूल गेलेल्या आईबापांना त्या हव्या असतात.

रस्त्याचं काम उपचार करणाऱ्याबरोबर ठरवूनच कर, मी दिशा सांगते. आधी उभ्या गाडीत, बंद इंजिनात, पुढच्या डाव्या सीटवर दहा मिनिटं. घाम येईल, तो ओसरेपर्यंत थांब, घाबरून मध्येच उतरू नकोस. ते सोपं झालं की रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या रिकाम्या रस्त्यांवर, बाबांना सांग वीसच्या वर जायचं नाही. वर्धा रोड आणि पाऊस सगळ्यात शेवटी. घाई नाही.

आणि जगण्यात अर्थ नाही, तिच्या जागी मीच हवी होते, असे विचार रात्री जोर धरत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नकोस. सरकारची टेलिमानस सेवा चोवीस तास चालू असते, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकृती विभागात थेट जाता येतं. बाबांना हा परिच्छेद वाचून दाखव.

नोव्हेंबर जवळ येतो आहे. वर्ष भरताना शरीर पुन्हा जागं होतं, तारीख लक्षात नसली तरी. त्या आठवड्यात कामं ठेवू नकोस. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, ती वेळ एकटीनं काढू नकोस. तू लिहिलंस की आई अजून रोज पहाटे तीनला उठते आणि देवघरात जाऊन बसते, आणि तुला त्याचा राग येतो. त्या रात्री घरचा फोन तीनलाच वाजला होता ना? एखाद्या पहाटे उठून तिच्याजवळ जाऊन बस. दिव्याकडे पाहिलं नाहीस तरी चालेल. फोनवर तिला नेमकं काय सांगितलं होतं, आणि सकाळपर्यंतचे ते तास तिनं कसे काढले, ते विचार. पत्रावरून मला वाटलं, तिला हे अजून कोणीच विचारलेलं नाही.